लिव्ह अँड लायसन्समधलं ‘लिव्ह’

गेल्या महिन्यात मी घर सोडलं. अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटमधले पाचच महिने झाले होते. आम्ही तिघी राहायचो, त्यातली मी एकटीच निघाले. सामान म्हणाल तर दोन बॅगा, पुस्तकांचे चार खोके, एक गादी आणि एक कुकर. टेम्पोत चढवायला वीस मिनिटं लागली. त्याआधीच्या पाच आठवड्यांत मात्र माझी झोप उडाली होती, आणि त्या पाच आठवड्यांत जे वाचलं ते इथे लिहून ठेवते आहे.

नवीन वाचकांसाठी थोडक्यात सांगते. मी मूळची मायक्रोबायॉलॉजीची. एमएस्सीनंतर माझा रस जंतूंकडून हळूहळू ते जंतू ज्या खोल्यांत पसरले त्या खोल्यांकडे सरकला. आता पीएचडी करते आहे ती मुंबईतली घरं आणि साथीचे रोग यांच्या इतिहासावर. या ब्लॉगवर एरवी मी प्लेग, चाळी, गटारं असल्या गोष्टींबद्दल लिहिते. त्याच कामासाठी मुंबईच्या पुराभिलेखागारात काही महिने बसणं भाग होतं. पुण्याहून रोज जाऊन-येऊन ते जमणारं नव्हतं, आणि मुंबईत एका नातेवाइकांकडे राहायची सोय झाली. दोन शहरांत दोन भाडी भरणं फेलोशिपवर शक्य नसतं, आणि ती वेळेवर येत नसेल तर अजिबातच नसतं.

मालकांना फोन केला. म्हटलं, “काका, मला या महिन्याच्या शेवटी निघावं लागतंय.”

ते शांतपणे म्हणाले, “जा की. पण लॉक-इन आठ महिन्यांचं आहे, ते एकदा वाचून घे.”

वाचलं. सही करताना वाचलं नव्हतं, हे तुमच्यापासून लपवत नाही. फ्लॅटचं भाडं २७,००० रुपये, तिघींत नऊ-नऊ हजार. डिपॉझिट ७५,०००, म्हणजे प्रत्येकीचे पंचवीस. आठ महिन्यांच्या आत जागा सोडली तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यायचं, आणि ही जबाबदारी तिघींवर “संयुक्तपणे व स्वतंत्रपणे”. हे शेवटचे दोन शब्द त्या दिवशी मला कळले नाहीत. ते कळायला मला १८७२ सालापर्यंत मागे जावं लागलं.

अजून एक गंमत. ‘लिव्ह अँड लायसन्स’ या नावातल्या ‘लिव्ह’चा अर्थ मी इतकी वर्षं ‘सोडून जाणं’ असा धरला होता. तो तसा नाही. इथे त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ ‘परवानगी’ असा आहे, आणि लायसन्स म्हणजेही परवानाच. म्हणजे एकाच गोष्टीची दोन नावं. निघून जाण्याबद्दल त्या नावात एक अक्षर नाही. हे असं का, हा आजचा विषय.

(मी वकील नाही. इतिहासाची विद्यार्थिनी आहे. तुमचं प्रकरण चालू असेल तर वकिलाला विचारा.)

पंधरा दिवसांची नोटीस

भाड्याबद्दलचा आपला मूळ कायदा म्हणजे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्याचं कलम १०६ वाचून मी चाट पडले. करारात किंवा स्थानिक रिवाजात वेगळं काही नसेल, तर राहण्यासाठी घेतलेली जागा महिन्या-महिन्याच्या भाडेपट्ट्यावर आहे असं धरायचं, आणि तो भाडेपट्टा पंधरा दिवसांच्या नोटिशीवर संपवता येतो. कोणाला संपवता येतो? मालकाला किंवा भाडेकरूला, दोघांनाही.

म्हणजे कायद्याची सुरुवात बरोबरीची होती. पंधरा दिवसांत मालक तुम्हाला काढू शकतो, पंधरा दिवसांत तुम्ही मालकाला रामराम करू शकता. कागदावर ही बरोबरी छान दिसते. प्रत्यक्षात ज्याच्याकडे घर आहे आणि ज्याच्याकडे नाही, त्या दोघांसाठी पंधरा दिवस सारखे नसतात. पण नियम म्हणून बघा: सोडून जायचा दरवाजा तेव्हा उघडा होता. आज माझ्या ॲग्रीमेंटमध्ये तो तीन महिन्यांच्या भाड्याने बंद केलेला आहे.

मधे काय झालं? सगळा इतिहास या एका नोटिशीच्या दोन अर्ध्या भागांचा आहे. आधी मालकाचा अर्धा भाग कायद्याने काढून घेतला. मग मालकांनी कराराच्या जोरावर आपला अर्धा भाग काढून घेतला.

गावची खोली

कायद्याकडे वळण्याआधी एक प्रश्न. भाड्याची जागा वाटून घेणं हे काही आयटीवाल्यांनी किंवा एमपीएससीच्या पोरांनी शोधून काढलेलं नाही. १९११ च्या जनगणनेत मुंबईतली दोन-तृतीयांशाहून जास्त माणसं एका खोलीच्या बिऱ्हाडात राहत होती. गिरणगावातल्या अशा कित्येक खोल्यांत एक कुटुंब नसे, तर दहा-पंधरा पुरुष असत, कोकणातले नाहीतर घाटावरचे. पाळ्या वेगळ्या, त्यामुळे झोपायच्या वेळा वेगळ्या. जेवण खानावळीत. खोलीत प्रत्येकाची एक ट्रंक आणि वळकटी.

मग त्यातला एकजण मुदतीआधी निघाला तर? पेरणीला, गणपतीला, शिमग्याला, आजारपणात माणसं गावी जातच. काहींची नोकरीच सुटायची.

याचं एक देखणं उत्तर त्या लोकांनी शोधलं होतं. बऱ्याच खोल्या एका माणसाच्या नसत, गावाच्या असत. गावचं मंडळ ती खोली धरायचं, गावातून येणारा प्रत्येकजण ठरलेली वर्गणी द्यायचा आणि त्याबदल्यात त्याला अंथरूण टाकायची जागा मिळायची. गोव्याच्या खलाशांचे मुंबईतले ‘कूड’ याच तत्त्वावर उभे राहिले. एकेका गावाचा एकेक कूड, बोटीवरून उतरल्यावर पुढची बोट मिळेपर्यंत तिथे राहायचं, ट्रंक तिथेच ठेवायची. धोबीतलावच्या भागात त्यातले काही अजून चालू आहेत.

या व्यवस्थेत एकाच्या जाण्याने दुसऱ्याचं भाडं वाढत नसे, कारण भाड्याची जबाबदारी माणसावर नसून गटावर होती आणि गट सतत बदलता असायचा हे गृहीतच धरलेलं होतं. आजच्या भाषेत, रिप्लेसमेंट गावाकडून आपोआप यायचं.

पण म्हणून ‘जुनं ते सोनं’ म्हणत सुस्कारा टाकू नका. तुमचं गाव ते नसेल, जात ती नसेल, तर त्या खोलीत तुम्हाला जागा नव्हती. आणि बाई असाल तर प्रश्नच नाही. आम्हा तिघींसारख्या, एक नाशिकची, एक लातूरची आणि एक मी, एकमेकींना फेसबुकच्या ग्रुपवर भेटलेल्या मुली तिथे कुठेच बसत नाहीत. गावाने जे केलं ते आमच्यासाठी एका कागदाने करायला हवं होतं. त्या कागदाचा जन्म मात्र भलत्याच कारणासाठी झाला.

जो गेला त्याची खोली गेली

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग सापडला. आठ लाखांवर वस्तीच्या त्या शहरातून पुढच्या काही महिन्यांत लाखो लोक निघून गेले. साथीनंतर १८९८ मध्ये शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्याने रस्ते रुंद केले, कोंदट वस्त्या पाडल्या, पण पाडलेल्या बिऱ्हाडांच्या मानाने नवी बिऱ्हाडं फार हळू उभी राहिली. मग पहिलं महायुद्ध आलं. लोक वाढले, खोल्या तेवढ्याच, भाडी भडकली.

१९१८ मध्ये सरकारने पहिला भाडे नियंत्रण कायदा आणला. भाडी जानेवारी १९१६ च्या पातळीवर बांधली. ती युद्धकाळातली तात्पुरती उपाययोजना होती. दुसऱ्या महायुद्धाने तीच वेळ पुन्हा आणली, आणि अखेर १९४७ चा मुंबई भाडे कायदा झाला. त्यात प्रमाण भाडं धरलं गेलं १ सप्टेंबर १९४० चं. आणि मालकाला भाडेकरू काढायचा असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक कारण न्यायालयात सिद्ध करणं आवश्यक झालं. पंधरा दिवसांच्या नोटिशीतला मालकाचा अर्धा भाग इथे संपला.

हे चांगलंच झालं, असं मला आजही वाटतं. हा कायदा नसता तर गिरणगावातली लाखो कुटुंबं कुठे असती, सांगता येत नाही. पण त्याच कायद्यात दोन कारणं अशी होती की त्यांचा परिणाम ‘सोडून जाण्या’वर झाला, आणि माझ्या मते त्यांच्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही.

पहिलं कारण: योग्य कारण नसताना जागा सलग सहा महिने वापरली नाही, तर मालक ती परत मागू शकतो. दुसरं: मालकाशी तसा करार नसताना जागा दुसऱ्याला भाड्याने दिली, म्हणजे पोटभाडेकरू ठेवला, तरी परत मागू शकतो.

आता विचार करा. तुमची बदली नागपूरला झाली आहे. खोलीचं भाडं आहे पंधरा रुपये, आणि तशी खोली तुम्हाला या जन्मात परत मिळणार नाही. टाळं लावून गेलात तर खोली जाते. दुसऱ्याला दिलीत तर खोली जाते. मग तुम्ही काय कराल? भावाला आणून ठेवाल. भाच्याला शिकायला बोलवाल. अगदीच कोणी नसेल तर एखाद्याला ‘आमचा पाहुणा आहे’ म्हणून ठेवाल आणि गुपचूप पैसे घ्याल. आपल्या घरांतल्या जुन्या गोष्टी आठवून बघा, “मामाच्या दादरच्या खोलीत अमका राहायचा” हे वाक्य किती कुटुंबांत आहे!

खोली सोडणं हे आता फक्त पगडीच्या वाटेने शक्य होतं. नवा भाडेकरू जुन्याला आणि मालकाला रोख रक्कम देणार, आणि जुना निघणार. १९४७ च्या कायद्याने असे पैसे घेणं बेकायदा ठरवलं होतं, तरी व्यवहार चालूच राहिला. म्हणजे बघा, निघून जाणाऱ्याला त्या काळी पैसे मिळायचे. आज निघून जाणाऱ्याने द्यायचे असतात. इतका हा खेळ उलटा झाला आहे.

१ फेब्रुवारी १९७३

एकदा आत आलेला माणूस बाहेर जात नाही म्हटल्यावर मालक भाड्याने द्यायलाच घाबरू लागले. मग पळवाट सापडली ती १८८२ च्याच दुसऱ्या एका कायद्यात, सुविधाधिकार कायद्यात. त्याच्या कलम ५२ मध्ये ‘लायसन्स’ची व्याख्या आहे. दुसऱ्याच्या जागेत काही करायची परवानगी, जिच्यामुळे त्या जागेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. भाडेकरूला हक्क असतो, परवानाधारकाला नसतो. भाडे कायदा भाडेकरूला संरक्षण देतो. म्हणजे कागदावर ‘भाडं’ हा शब्दच घालायचा नाही!

न्यायालयांनी हे ओळखलं नाही असं नाही. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या एका हॉटेलातल्या केशकर्तनालयाचं प्रकरण आलं होतं. कागद परवान्याचा होता, पण न्यायालयाने बहुमताने सांगितलं की कागदाला काय नाव दिलंय यापेक्षा व्यवहार काय आहे ते बघायचं, आणि तो भाडेपट्टा ठरला. तरी मुंबईत परवान्याचे कागद होतच राहिले. मुंबईला दुसरा मार्ग नव्हता.

आणि मग १९७३ ची दुरुस्ती आली. १ फेब्रुवारी १९७३ या दिवशी जो कोणी चालू परवान्यावर राहत होता, तो त्या दिवसापासून भाडेकरू मानला गेला, पूर्ण संरक्षणासह. एका तारखेने हजारो पाहुणे घरचे झाले.

ही तारीख मी आधी फक्त नोट्समध्ये लिहून ठेवली होती. मग घरमालक काकांशी दुसऱ्यांदा बोलणं झालं, या वेळी समोरासमोर, चहावर. मी जरा तावातावाने म्हटलं की काका, तुम्ही आम्हाला असं बांधून का ठेवता? तर त्यांनी त्यांच्या आत्याची गोष्ट सांगितली. आत्या विधवा, गिरगावात स्वतःच्या दोन खोल्या. एक खोली ७१ साली एका होतकरू मुलाला दोन वर्षांसाठी दिली. काका म्हणाले, “तो मुलगा रिटायर झाला ना, तेव्हाही त्याच खोलीत होता. आत्या तोपर्यंत गेली होती.”

मी गप्प बसले. आता ती खोली त्या मुलालाही हवीच असणार, त्यालाही दुसरीकडे कुठे मिळणार होती? पण काकांच्या भीतीला एक तारीख आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्याला मिळतो तो छापील मसुदा याच भीतीने लिहिलेला आहे. त्यातलं जवळजवळ प्रत्येक कलम ‘हा माणूस गेला नाही तर काय?’ या प्रश्नाचं उत्तर आहे. ‘हिला जायचं असेल तर काय?’ हा प्रश्न कोणाला पडलेलाच नव्हता.

अकरा महिने का?

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी आता अवाजवी झाल्या आहेत असं म्हटलं, आणि त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. आपण सगळे आज याच्या छत्राखाली राहतो. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर परवानाधारकाने जागा सोडलीच पाहिजे. नाही सोडली तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून मालक ताबा घेऊ शकतो, आणि राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई. काकांच्या आत्याला जे मिळालं नाही ते काकांना मिळालं.

कलम ५५ आपल्या कामाचं आहे. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरायचं, ते चूक आहे असं सिद्ध होईपर्यंत.

मग अकरा महिन्यांचं काय? देशभर अकरा महिन्यांचा रिवाज पडला त्यामागे १९०८ चा नोंदणी कायदा आहे. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोक वर्षाच्या आत थांबले. पण महाराष्ट्रात अकरा महिन्यांच्या परवान्यालाही नोंदणी लागतेच! म्हणजे ज्या कारणासाठी अकरा आकडा आला ते कारण इथे शिल्लकच नाही. आमच्या जीवशास्त्रात याला अवशेषांग म्हणतात. व्हेल माशाच्या पोटात मागच्या पायांची छोटी हाडं असतात, तसं. चालायचं कधीच बंद झालं, हाड राहिलं.

आम्ही तिघी, कायद्याला एकच

आता त्या “संयुक्तपणे व स्वतंत्रपणे” कडे येऊ.

सुरुवातीला माझा हिशोब असा होता: मी निघते, काकांनी माझे पंचवीस हजार कापून घ्यावेत, विषय संपला. माझं नुकसान, माझा निर्णय. स्वतःला मी त्यागमूर्तीच समजत होते. मग १८७२ चा करार कायदा उघडला.

कलम ४३ म्हणतं: अनेकांनी मिळून एक वचन दिलं असेल आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ज्याला वचन दिलं तो त्यांच्यापैकी कोणाही एकाकडून पूर्ण वचन पाळून घेऊ शकतो. म्हणजे काकांना २७,००० रुपये एकट्या लातूरवालीकडून मागता येतात. तिने मग बाकीच्यांकडून वाटा मागायचा. आणि त्यातल्या एकीने वाटा दिलाच नाही, तर तो तोटा उरलेल्यांनी सारखा वाटून घ्यायचा.

कलम ४४ त्याहून रोखठोक आहे. मालकाने एकीला मोकळं केलं, तरी बाकीच्या मोकळ्या होत नाहीत. आणि जी मोकळी झाली तीसुद्धा मैत्रिणींच्या जबाबदारीतून मोकळी होत नाही. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात याच्या उलट होतं, एकाला सोडलं की सगळे सुटले. १८७२ मध्ये आपल्याकडे कायदा लिहिणाऱ्यांनी मुद्दाम वेगळा रस्ता धरला. त्यांच्या डोळ्यांपुढे कर्जदार असतील, भागीदार असतील. टू बीएचकेमधल्या तीन मुली नक्कीच नव्हत्या. पण दीडशे वर्षांनी ते कलम बरोबर आमच्या हॉलमध्ये येऊन बसलं.

मी हे त्या दोघींना सांगितलं ती रात्र मला विसरता येत नाही. नाशिकवाली चिडली. “अगं, आधी आम्हाला सांगायचं की मालकांना?” बरोबर होतं तिचं. लातूरवाली काहीच बोलली नाही. तिचे वडील शेती करतात, सोयाबीनचे पैसे आले की तिच्या खात्यावर येतात, मधे ती शिकवण्या घेते. तिने फक्त मोबाईलवर कॅल्क्युलेटर उघडला आणि विचारलं, “मग माझे किती होणार?”

साडेतेरा हजार. नऊचे साडेतेरा. मी निघून जाण्याची किंमत दरमहा साडेचार हजार रुपये होती, आणि ती भरायची होती माझ्यापेक्षा कमी पैसे असलेल्या मुलीने. माझ्या ‘त्यागा’त ही ओळ कुठेच नव्हती.

लॉक-इनचे पैसे खरंच द्यावे लागतात का?

हा प्रश्न तुमच्या मनात आला असेलच. कागदावर लिहिलंय म्हणून आपोआप नाही. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा आहे, त्या मर्यादेत जी वाजवी भरपाई असेल तेवढीच मिळते. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बाळकिशन दास या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे नीट मांडलं आहे. तो घराच्या विक्रीचा वाद होता, पण तत्त्व तेच. त्याच कायद्याचं कलम ७३ सांगतं की नुकसान मोजताना ते कमी करायचे कोणते मार्ग हाताशी होते हेही बघायचं. दहा दिवसांत नवी मुलगी राहायला आली असेल, तर तीन महिन्यांचं नुकसान कुठून आलं?

पण हे सगळं न्यायालयात. नऊ हजारांसाठी न्यायालयात कोण जातं? डिपॉझिट आधीच त्यांच्या खात्यात आहे. ज्याच्या हातात पैसे, त्याला वाद जिंकावा लागत नाही, नुसतं गप्प बसलं तरी पुरतं. म्हणून उत्तर न्यायालयात शोधण्यापेक्षा आधीच कागदावर असणं बरं.

मग काय झालं

मी जायची तारीख एक महिना पुढे ढकलली असती तर बरं झालं असतं, पण ते जमलं नाही. त्याऐवजी माझ्या जागी येणारी मुलगी शोधली. विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, पाच जणी बघून गेल्या, त्यातली एक दोघींनाही पटली. निवड मी केली नाही, त्या दोघींनी केली. राहायचं त्यांना होतं. काकांनी तिच्या घरच्यांशी फोनवर बोलून हो म्हटलं, पण म्हणाले, “नवं ॲग्रीमेंट करू, तुझं नाव निघेल.” मुद्रांक शुल्क काहीशे रुपये, नोंदणी फी एक हजार, एजंटचे वेगळे, नवीन मुलीची पोलीस पडताळणी. तो सगळा खर्च मी दिला. ती एक तारखेला येऊ शकत नव्हती, त्या महिन्याचे माझे नऊ हजारही मी दिले. डिपॉझिटचे पंचवीस हजार तिने मला दिले, तेही काकांच्या समोर आणि कागदावर सह्या करून.

एकूण मला साधारण बारा हजारांना पडलं. लातूरवालीचे नऊचे नऊच राहिले. नाशिकवाली अजून जरा तुटकच बोलते. होईल हळूहळू.

तुम्ही तिघं-चौघं मिळून घर घेत असाल, तर सहीच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या:

- लॉक-इन किती, आणि ते सगळ्यांनी मिळून सोडल्यास लागू की एकाने सोडल्यासही.
- एकाला निघायचं झालं तर किती दिवसांची नोटीस, आणि बदली माणूस आणला तर मालक वाजवी कारणाशिवाय नाही म्हणणार नाहीत, असं एक वाक्य.
- डिपॉझिटमध्ये कोणाचे किती, हे ॲग्रीमेंटमध्येच. ‘आपापसात बघू’ नको.
- आणि आपापसात एक साधा कागद: जो निघेल त्याने आधी घरातल्यांना सांगायचं, नवा माणूस येईपर्यंत किंवा अमुक दिवसांपर्यंत आपला वाटा द्यायचा.

शेवटचा कागद मालकाला बांधत नाही. तो आपल्याला आपापसात बांधतो, जे पूर्वी गावचं मंडळ करायचं.

काकांना मी मसुद्यात ते नोटिशीचं वाक्य घालायला सांगितलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. म्हणाले, “दोन्ही बाजूंनी लिही. मलाही कधी लागेल.” मी तीस दिवस लिहिले, दोन्ही बाजूंना. कलम १०६ मध्ये पंधरा होते, पण आजच्या पुण्यात पंधरा दिवसांत घर मिळत नाही.

पुढच्या लेखात पुन्हा प्लेगकडे वळू. पुराभिलेखागारात एक सुंदर फाईल हाती लागली आहे.